बॉम्बे हाउस : फोर्टातली इमारत आणि मुळशीचे पाणी

मुंबईच्या फोर्टात, हुतात्मा चौक आणि दलाल स्ट्रीट यांच्या दरम्यान होमी मोदी स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्यावर २४ क्रमांकाला मालाडच्या दगडात बांधलेली चार मजली इमारत उभी आहे. तिला घुमट नाही, मनोरा नाही. १९२४ साली ती पुरी झाली आणि टाटा समूहाचा कारभार तिच्यात आला. मधले दुरुस्तीचे काही महिने सोडले, तर तो तिथून हललेला नाही. या काळात रस्त्याचे नाव मात्र बदलले. पूर्वी तो ब्रूस स्ट्रीट होता. पुढे त्याला ज्या सर होमी मोदींचे नाव मिळाले, तेही टाटांच्याच संचालकांपैकी एक.

बॉम्बे हाउसबद्दल आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक आतून लिहिले गेले. तिथे काम केलेल्यांनी, तिथल्या अध्यक्षांच्या चरित्रकारांनी लिहिले. मी लिहितो आहे तो सूसमधून, म्हणजे मुळशी तालुक्याच्या पूर्वेच्या टोकावरून. ही इमारत ज्या वर्षांत उभी राहत होती, त्याच वर्षांत त्याच मालकांचे धरण आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला उभे राहत होते. एकाच समूहाची ही दोन बांधकामे. एक दगडी आणि देखणे, दुसरे दगडीच, पण त्याच्या पोटात गावे गेलेली. या स्मरणिकेत पहिल्याचा इतिहास यायचा, तर दुसऱ्याचा यायलाच हवा, असे मला वाटते. म्हणून हा लेख.

टाटांचा कारभार आधी हॉर्नबी रोडवरच्या, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावरच्या नवसारी बिल्डिंग्जमधून चालत असे. जमशेटजींचे जन्मगाव नवसारी, त्याचेच नाव. जमशेटजींनी १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, १८८६ मध्ये कुर्ल्याची बुडीत गिरणी घेऊन स्वदेशी मिल काढली, १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेलचे दरवाजे उघडले. पोलाद, वीज आणि विज्ञानाची संस्था ही त्यांची तीन मोठी स्वप्ने मात्र १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचे निधन झाले तेव्हा कागदावरच होती. ती पुरी करण्याचे काम थोरले चिरंजीव दोराबजी, धाकटे रतनजी आणि नात्यातले आर. डी. टाटा यांच्यावर आले.

नवसारी बिल्डिंग्जचा एक प्रसंग या इतिहासात आलाच पाहिजे. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी (टिस्को) स्थापन झाली. लंडनच्या बाजारात पैसा उभा राहीना, तेव्हा भागभांडवल भारतातच मागायचे ठरले. स्वदेशीचे वारे होते. सकाळपासून रात्रीपर्यंत लोक टाटांच्या कचेरीला गराडा घालून होते आणि तीन आठवड्यांत सुमारे १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल जमले. भाग घेणारे सुमारे आठ हजार जण, सगळे हिंदी. मुंबईच्या आर्थिक इतिहासात ही घटना मी सर्वांत मोठ्या घटनांत धरतो. अठराशे साठच्या दशकात याच फोर्टाने कापसाच्या पैशावर बेभान सट्टा पाहिला होता. १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि घरेच्या घरे बुडाली होती. त्या आठवणीतून शहर बाहेर पडले ते पोलादाच्या कारखान्यासाठी स्वतःची पुंजी काढून. टाटांवर लोकांनी टाकलेला हा विश्वास पुढे अनेक ठिकाणी कामी आला. मुळशीत तो कसा वापरला गेला, ते पुढे येईलच.

पुढच्या दहा-बारा वर्षांत काम फार पसरले. १९१० मध्ये टाटा हायड्रो, १९१६ मध्ये आंध्र व्हॅली, १९१७ मध्ये टाटा सन्स लिमिटेड, १९१९ मध्ये टाटा पॉवर. सिमेंट होते, तेल-साबण होते, विमा होता, बँकही होती. या कंपन्या कागदोपत्री वेगळ्या, पण त्यांची व्यवस्था एका घराकडे. त्या काळच्या मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीत कारखाना कुठेही असो, त्याचा खरा हिशेब, खरेदी, कर्ज आणि माणसांच्या नेमणुका एजंटाच्या कचेरीत होत. तेव्हा मुख्यालय ही नुसती शोभा नव्हती. जमशेदपूरची भट्टी, नागपूरची गिरणी आणि लोणावळ्याचा तलाव यांचे कागद एकाच टेबलावर यायचे होते. ते टेबल ठेवायला जागा हवी होती. टाटांनी मुंबई म्युनिसिपालिटीकडून ब्रूस स्ट्रीटवर जमीन घेतली आणि आराखड्याचे काम जॉर्ज विटेट यांच्याकडे दिले.

विटेट हा माणूस मुंबईने जेवढा लक्षात ठेवायला हवा होता, तेवढा ठेवला नाही. १८७८ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा वास्तुविशारद १९०४ मध्ये जॉन बेग यांचा सहाय्यक म्हणून इथे आला. गेटवे ऑफ इंडिया त्याचा, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्याचे, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स त्याचे. बॅलार्ड इस्टेटच्या इमारतींना जी एकसारखी शिस्त आहे, तीही त्याच्याच हाताची. १९१७ मध्ये मुंबईत वास्तुविशारदांची संस्था निघाली, जी पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स म्हणून ओळखली गेली. तिचा पहिला अध्यक्ष विटेटच. सरकारी नोकरी सोडून तो टाटांच्या इंजिनियरिंग कंपनीत आला.

म्युझियम आणि गेटवे यांत विटेटने विजापूरचा घुमट, गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या जाळ्या आणि कमानी घेतल्या. बॉम्बे हाउसमध्ये यातले काहीही नाही. इथे युरोपच्या अभिजात परंपरेची शिस्त आहे. डावी बाजू उजवीसारखी, खिडक्यांच्या ओळी मापात, मजल्यामजल्याला आडव्या कंगोऱ्यांची रेघ, दगडाला दगडासारखेच राहू दिलेले. सार्वजनिक वास्तूत विटेट लोकांना थांबवून वर बघायला लावतो. कचेरीत त्याने उलटे केले. रस्त्याने जाणाऱ्याने थबकावे अशी या इमारतीची अपेक्षाच नाही. पैसा सांभाळणाऱ्या घराने आवाज खाली ठेवावा, हा विचार त्यात दिसतो आणि तो टाटांच्या स्वभावाला जुळणारा होता. मालाडचा दगड पिवळसर, घडवायला सोयीचा. उन्हात त्याला जो रंग चढतो, त्यामुळे फोर्टातल्या काळ्या कुर्ला दगडाच्या इमारतींशेजारी तो चटकन वेगळा दिसतो.

१९२४ हे विटेटच्या आयुष्यातले भरलेले वर्ष. बॉम्बे हाउस पुरे झाले, आणि ४ डिसेंबरला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी गेटवेचे उद्घाटन केले. दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, आमांशाने त्याचा मुंबईतच मृत्यू झाला. वय ४७. शिवडीच्या ख्रिस्ती कब्रस्तानात त्याला पुरले आहे. सर रतन आणि सर दोराबजी या दोघा भावांनी आयुष्यभर जमवलेला कलासंग्रह पुढे त्यानेच बांधलेल्या म्युझियममध्ये गेला, हा योग मला फार आवडतो.

आता पाण्याकडे वळतो.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. कोळसा बंगालमधून येई, महाग पडे, धूर शहरावर साचे. घाटमाथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवायचा, तो सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात सोडायचा आणि त्या पडण्यातून वीज काढायची, ही कल्पना जमशेटजींच्या हयातीतली. लोणावळ्याच्या धरणाची पायाभरणी ८ फेब्रुवारी १९११ ला झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून वीज मुंबईत पोचली. आंध्र खोऱ्याची भिवपुरीची वीज १९२२ मध्ये आली. तिसरी योजना मुळा आणि निळा या नद्यांची, म्हणजे मुळशीची. तिसऱ्या योजनेसाठीच १९१९ ची टाटा पॉवर कंपनी निघाली होती.

मुळशी पेटा म्हणजे आंबेमोहोराचा मुलूख. खाचरे पिढ्यान्‌पिढ्या बांधबंदिस्ती करून तयार झालेली. धरणात ५२ गावांची जमीन जाणार होती आणि सुमारे अकरा हजार माणसे उठणार होती. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारने घ्यायची आणि कंपनीला द्यायची. कुणालाही नीट विचारण्याआधीच चाचणीचे खड्डे शेतात पडू लागले होते. पुष्कळ जमिनीवर पुण्याच्या सावकारांचे हक्क होते, आणि मोबदल्याचा प्रश्न आला तेव्हा सावकाराचे हित व कुळाचे हित दोन वाटांनी गेले. ही गोष्ट पुण्याच्या इतिहासात सांगायला अवघड जाते, पण ती खरी आहे. सावकाराला जमिनीच्या बदल्यात रोकड मिळाली तर चालणार होती. मावळ्याला त्या रोकडीत तेच खाचर दुसरीकडे कुठे मिळणार नव्हते.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे, त्यांच्या बायका आणि पुण्याहून आलेले कार्यकर्ते धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम बंद पडले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात आले ते याच सुमारास. पारनेरचा, विलायतेत शिकलेला, पॅरिसमध्ये बाँबची विद्या मिळवून आलेला हा माणूस मुळशीत शेतकऱ्यांबरोबर राहिला आणि इथेच लोकांनी त्यांना सेनापती म्हटले. त्यांच्याबरोबर विनायकराव भुस्कुटे होते, शंकरराव देव होते. ‘केसरी’त मुळशीवर मजकूर येऊ लागला. महात्मा गांधींनी त्याच एप्रिलमध्ये ‘यंग इंडिया’त मुळशी पेट्यावर लिहिले आणि टाटांसारख्या मोठ्या घराने कायद्याच्या जोरावर न विसंबता लोकांशी बोलून मार्ग काढावा, असे सुचवले.

तसे झाले नाही. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा सत्याग्रह, पुन्हा अटका. बाया तुरुंगात गेल्या. ज्या टाटांना १९०७ मध्ये देशाने स्वदेशी म्हणून डोक्यावर घेतले होते, त्यांच्याविरुद्ध लढायचे कसे, हा पेच पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांना सुटेना. कंपनी हिंदी, भांडवल हिंदी, वीज हिंदी गिरण्यांना. मग मुळशीचा शेतकरी कोण? या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी काँग्रेसकडे नव्हते आणि पुढे कोयना, उजनी, जायकवाडीच्या वेळी राज्याकडेही फारसे नव्हते. आधी सावकार गळाले, मग लोकांचा धीर सुटत गेला, मोबदला घेणे सुरू झाले. १९२४ मध्ये लढा मोडला. शेवटी बापट अहिंसेची चौकट सोडून रेल्वे अडवण्यापर्यंत गेले आणि त्यासाठी त्यांनी मोठी शिक्षा भोगली. ते सुटले तेव्हा १९३१ साल उजाडले होते. भिऱ्याचे वीजघर त्याआधीच, १९२७ मध्ये, सुरू झाले होते.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर इंग्रजीत अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला आणि धरणाविरुद्धचे जगातले पहिले आंदोलन म्हणून तो जगापुढे मांडला. भुस्कुट्यांचे ‘मुळशी सत्याग्रह’ हे मराठी पुस्तक त्याच्या कितीतरी आधीचे, रणातून आलेल्या माणसाचे. दोन्ही वाचावीत. मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांच्या कडेने जाणाऱ्या तुळशी पाइप रोडला नंतर सेनापती बापटांचे नाव दिले गेले. ज्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मुळशी बुडाली, त्यांच्याच दारावरून हा रस्ता जातो. पुण्यातही त्यांच्या नावाचा रस्ता आहे. सूसहून पाषाणमार्गे शहरात जाणारा माणूस हमखास त्याच्यावरून जातो.

बॉम्बे हाउसची जागा घेतली गेली, दगड चढले, कचेऱ्या हलल्या, ते सगळे याच वर्षांत. टाटा पॉवरचे निर्णय ज्या संचालकांनी घेतले, तेच या इमारतीत येऊन बसले. मी हे आरोप म्हणून लिहीत नाही. दोराबजी टाटा हे लोभी माणूस नव्हते, आणि त्याचा पुरावा त्याच १९२४ सालाने दिला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर टिस्कोने कारखान्याचा मोठा विस्तार हाती घेतला होता. युद्ध संपले, किमती कोसळल्या, बेल्जियम-जर्मनीचे स्वस्त पोलाद बंदरात उतरू लागले, जपानमध्ये भूकंप झाला आणि टिस्कोचे ते गिऱ्हाईकही गेले. १९२४ मध्ये जमशेदपूरहून तार आली की मजुरांचा पगार द्यायला पैसा नाही. दोराबजींनी आपली सारी खासगी मालमत्ता, सुमारे एक कोटी रुपयांची, इम्पीरियल बँकेकडे गहाण टाकली. त्यात लेडी मेहेरबाईंचे दागिनेही होते आणि कोहिनूरच्या दुपटीहून मोठा ज्युबिली हिराही. कर्ज मिळाले, पगार झाले, पुढे सरकारने आयात पोलादावर संरक्षक जकात बसवली आणि कारखाना वाचला. नवी कचेरी नुकतीच उघडलेली आणि तिच्यातल्या पहिल्याच वर्षात मालकाने बायकोचे दागिने गहाण ठेवलेले, अशी ही सुरुवात. १९३२ मध्ये दोराबजी गेले तेव्हा त्यांची जवळजवळ सगळी संपत्ती विश्वस्त निधीकडे गेली होती. टाटा मेमोरियल रुग्णालय, समाजकार्याची संस्था आणि १९४५ ची मूलभूत संशोधनाची संस्था ही त्या निधीची फळे. होमी भाभांनी मार्च १९४४ मध्ये संशोधन संस्थेसाठी सर सोराब सकलातवालांना जे पत्र लिहिले, ते या दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष म्हणूनच.

म्हणजे मजुराच्या पगारासाठी स्वतःचे घर गहाण टाकणारा हा माणूस, आणि मुळशीच्या शेतकऱ्याला वाचवू न शकलेलाही हाच. मजूर त्याच्या हिशेबाच्या वहीत होता, शेतकरी नव्हता. माझ्या मते या इमारतीच्या इतिहासातला सर्वांत अवघड धडा इथे आहे. चांगुलपणा पोचतो तो वहीत नोंद असलेल्यांपर्यंत. वहीबाहेरच्यांसाठी वेगळे डोळे लागतात, आणि ते त्या काळी ना सरकारला होते, ना भांडवलाला.

जे. आर. डी. टाटा १९२५ च्या डिसेंबरात फ्रान्सहून येऊन इथे बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. टिस्कोचे संचालक जॉन पीटरसन, पूर्वीचे सनदी अधिकारी, यांच्या खोलीत त्यांचे टेबल लावले गेले, म्हणजे पीटरसनकडे येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या नजरेखालून जाई. दुसऱ्याच वर्षी वडील आर. डी. टाटा वारले. १९३८ मध्ये, ३४ व्या वर्षी, जे. आर. डी. अध्यक्ष झाले आणि १९९१ पर्यंत राहिले. या ५३ वर्षांतले सगळे इथे सांगायचे कारण नाही, ते पुष्कळ ठिकाणी आहे. १९३२ चे कराची-जुहू उड्डाण, १९३९ चे टाटा केमिकल्स, १९४४ ची मुंबई योजना, १९४५ ची टेल्को, १९५३ मध्ये हातून गेलेली एअर इंडिया.

इमारतीच्या दृष्टीने एक मात्र महत्त्वाचे. १९७० मध्ये मॅनेजिंग एजन्सीची पद्धत कायद्याने बंद झाली. आदल्याच वर्षी मक्तेदारीविरोधी कायदा आला होता. कायद्याच्या नजरेत टाटांच्या कंपन्या एकमेकांच्या कुणी राहिल्या नाहीत. ज्या कारणासाठी बॉम्बे हाउस बांधले, तेच कारण गेले. अनेक व्यापारी घराणी अशा वेळी फुटली. टाटांच्या कंपन्या एकत्र राहिल्या, त्यात जे. आर. डीं.च्या शब्दाचे वजन होते आणि रोज एकाच जिन्यावर भेटण्याचा भागही होता, असे मी मानतो. दुपारी एकत्र जेवणारी माणसे सहसा एकमेकांवर फिर्याद करत नाहीत.

पुण्याशी या इमारतीचे नाते टेल्कोमुळे दाट झाले. सुमंत मूळगावकरांनी साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या माळावर तिचा वाहनांचा कारखाना उभा केला आणि पुणे जिल्ह्याच्या हजारो घरांत पहिला नियमित पगार आला. मुळशी-मावळातल्या पुष्कळ घरांचा त्यात वाटा आहे. १९७४ मध्ये टेल्कोने अभियंत्यांसाठी जाहिरात दिली, त्यात मुलींनी अर्ज करू नये असे होते. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डीं.ना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीची तार आली, पुण्यात मुलाखत झाली आणि त्या टेल्कोच्या कारखान्यातल्या पहिल्या महिला अभियंता झाल्या. एका मुलीचे पोस्टकार्ड अध्यक्षांपर्यंत पोचते, ते वाचले जाते आणि त्यावर नियम बदलतो, ही बॉम्बे हाउसची उजळ बाजू आहे. त्याच्या पन्नास वर्षे आधी मुळशीच्या बायकांचे म्हणणे या वाटेने पोचले असते तर काय झाले असते, हा विचार मनात येतोच.

१९९१ मध्ये रतन टाटा अध्यक्ष झाले. टिस्कोत रुसी मोदी, ताजमध्ये अजित केरकर, केमिकल्समध्ये दरबारी सेठ असे आपापल्या गढ्या सांभाळून बसलेले कर्तबगार सुभेदार होते. निवृत्तीच्या वयाचा नियम आणून आणि टाटा सन्सचा कंपन्यांतला वाटा वाढवून रतन टाटांनी सत्ता पुन्हा या इमारतीत आणली. पुढे टेटली, कोरस, जग्वार-लँड रोव्हर यांचे व्यवहार झाले. २००४ मध्ये टीसीएसचे भाग बाजारात आले, आणि समूहाचा खरा आधार पोलादाऐवजी संगणकाचे काम हा झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केले गेले, तेव्हा या शांत रस्त्यावर कॅमेऱ्यांची झुंबड उडाली. तो वाद मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला.

इमारतीच्या दारातली भटकी कुत्री हा मुंबईकरांच्या कौतुकाचा विषय. पावसात आत येऊन बसलेल्या कुत्र्यांना कुणी हाकलायचे नाही, हा इथला जुना रिवाज आणि रतन टाटांनी तो मनापासून जपला. २०१७ च्या अखेरीस इमारत प्रथमच पूर्ण रिकामी करून दुरुस्तीला घेतली. २९ जुलै २०१८ ला, जे. आर. डीं.च्या जन्मदिनी, ती पुन्हा उघडली. दर्शनी दगड तसाच ठेवला, आतली बांधणी आजच्या कामाला साजेशी केली, तळमजल्यावर समूहाच्या इतिहासाचे दालन आले आणि कुत्र्यांसाठी स्वतंत्र खोली झाली. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया परत आली. ९ ऑक्टोबर २०२४ ला, इमारतीच्या शंभराव्या वर्षात, रतन टाटा गेले.

या सगळ्या इतिहासाचे कागद आता मुंबईत नाहीत. १९९१ मध्ये बॉम्बे हाउसमध्ये सुरू झालेले टाटा सेंट्रल आर्काइव्हज पुढे पुण्यात मंगलदास रस्त्यावर आले. भारतातल्या उद्योगांच्या दप्तरखान्यांत ते अग्रगण्य आहे. सूसहून तिथे जायला तासभरही लागत नाही. आमच्याकडच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या मुलांनी तिथे जावे, एका बाजूला कंपनीचे कागद ठेवावेत आणि दुसऱ्या बाजूला भुस्कुट्यांचे पुस्तक.

कारण मुळशीचा विषय संपलेला नाही. सूस २०२१ च्या जूनअखेर पुणे महापालिकेत गेले. टेकड्यांवर वीस-वीस मजल्यांच्या सोसायट्या झाल्या. त्यांतून रोज सकाळी शेकडो मुलेमुली हिंजवडीला निघतात, काही टीसीएसमध्ये, काही टाटा टेक्नॉलॉजीजमध्ये. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच. आणि या सोसायट्यांपैकी अनेकांच्या टाक्या टँकरने भरतात. सूस, म्हाळुंगे, बावधन, सगळीकडे हीच तऱ्हा. त्याच तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या तलावाचे पाणी मात्र सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला पडते, वीज देते आणि कुंडलिकेतून समुद्राला जाते. मुळशीचे पाणी पूर्वेला वळवून पुण्याला द्यावे ही मागणी अनेक वर्षे चालू आहे. धरणाच्या काठावर उरलेल्या वाड्यांचा गावठाणाचा आणि घराखालच्या जमिनीचा प्रश्नही तितकाच जुना. ज्यांची खाचरे गेली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आपले घर कायदेशीर आहे का, हे आजही विचारावे लागते.

शंभर वर्षांपूर्वी ही बोलणी पुण्याचा कलेक्टर, सावकार आणि कंपनी यांच्यात झाली आणि मावळा बाहेर उभा राहिला. आता तसे होण्याचे कारण नाही. टाटा सन्स ही कंपनी ६६ टक्के धर्मादाय निधींच्या मालकीची आहे, अशी मालकी जगात फार थोड्या उद्योगसमूहांची असेल. पाण्याबद्दल आणि गावठाणाबद्दल बोलणी करताना धरणकाठच्या ग्रामसभा पहिल्या खुर्चीवर असाव्यात, अशी माझी मागणी आहे.

दुसरी मागणी या स्मरणिकेपुरती. संचालकांच्या, अध्यक्षांच्या नावांची पाने अंकात येतीलच आणि ती यायलाच हवीत. त्यांच्या पाठोपाठ एक पान त्या ५२ गावांच्या नावांना द्यावे. गावांची यादी सरकारी संपादनाच्या कागदांत आहे. ती लावून देण्याचे काम आम्ही मुळशीकर आनंदाने करू.